हसीनाबीचा ओव्हन तापेना

मित्रांनो, मी नळदुर्गातला एक जुना, विजेवर चालणारा ओव्हन आहे. जुना म्हणजे किती जुना, ते मला नीट सांगता येणार नाही. माझ्या बटणावरचे आकडे पुसले गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आज माझ्या अंगाला हात लावलात तर चटका बसेल. पण मध्यंतरी असे दिवस आले होते की माझ्या आतला दिवा लागायचा आणि अंग मात्र मेलेल्या माणसासारखं गार राहायचं. लोक म्हणायचे, याच्यात कुणीतरी आहे. त्या दिवसांची गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे. घाबरू नका, पण जरा जवळ येऊन बसा.

माझा जन्म सोलापूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. कारागिरांनी पत्रा कापला, वाकवला, त्याच्या दोन थरांमध्ये काचेचा कापूस ठासून भरला आणि मला उभं केलं. वर एक आणि खाली एक अशी हीटरची सळी बसवली, पुढे काचेची खिडकी असलेलं दार लावलं, बाजूला एक गोल बटण दिलं. मी पहिल्यांदा तापलो तेव्हा नव्या रंगाचा असा काही वास सुटला की कारागीर शिंकून शिंकून बेजार झाले. मला मात्र स्वतःचा फार अभिमान वाटला. तो लवकरच उतरला, कारण ज्या बेकरीने मला घेतलं ती बेकरीच बंद पडली आणि मी एका गोदामात रिकाम्या पोत्यांखाली पडून राहिलो. तिथे उंदरांनी माझ्या पोटात संसार थाटला.

तिथून मला आयुबभाईंनी सोडवलं. आयुबभाई म्हणजे हायवेवरचे वायरिंगवाले. हैदराबादकडे जाणारे ट्रक ढाब्यापाशी थांबत. कुणाचा हॉर्न वाजत नसे, कुणाचा दिवा लागत नसे, आणि आयुबभाई तोंडात टेस्टर धरून ट्रकखाली शिरत. त्यांची बायको हसीनाबी घरी नानखटाई करायची. तेव्हा ती कोळशावर करायची, खाली निखारे, झाकणावर निखारे, मधे परात. धुराने तिचे डोळे सदा लाल असत. आयुबभाईंना ते बघवत नसे, पण बोलून दाखवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी मला ओळखीच्या एका ट्रकवर चढवलं आणि ईदच्या तोंडावर घरी आणून अंगणात उभं केलं.

"हे घे," ते म्हणाले. "आता रडायचं बंद."

"रडती कुठं? धूर हाय त्यो," हसीनाबी म्हणाली. पण पदराने माझी काच पुसताना तिचे डोळे धुराशिवायच ओले झाले होते.

मागच्या खोलीत माझी जागा ठरली. आयुबभाईंनी माझ्यासाठी मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली. माझ्या मागे भिंतीवर एक लाकडी बोर्ड ठोकला, त्यावर माझ्या प्लगची जागा केली आणि चिनी मातीचे दोन फ्यूज बसवले. एक येणाऱ्या विजेचा, दुसरा परत जाणाऱ्या विजेचा. मित्रांनो, हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल. वीज नुसती येऊन भागत नाही, तिला परत जायलाही वाट लागते. ती वाट तुटली की वीज दारात येऊन नुसती उभी राहते. माझ्या आतल्या दिव्याची वायर मात्र त्यांनी निराळी ठेवली, घरातल्या साध्या बोर्डावर. कारण हसीनाबीची रीत अशी होती की नानखटाईला रंग चढू लागला की हीटर बंद करायचा, उरलेल्या उबेवर तिला निवांत होऊ द्यायचं, आणि आपण दिवा लावून काचेतून बघत बसायचं.

काय दिवस होते ते! दिवाळी आली, ईद आली, की गल्लीतल्या घराघरांतून डबे निघायचे. पीठ आपलं, तूप आपलं, साखर आपली. भाजून द्यायचं काम तेवढं हसीनाबीचं. आपल्या तुपाची नानखटाई दुसरीच्या डब्यात जाऊ नये याची प्रत्येकीला धास्ती. हसीनाबीच्या हातून तशी चूक कधी झाली नाही. झाकण उघडून ती नुसता वास घ्यायची आणि म्हणायची, "ही पार्वतम्माचं तूप. म्हैस बदलली वाटतं." पार्वतम्मा म्हणजे आमची शेजारीण. भिंतीला भिंत लागून घर, कपाळावर विभूतीचे पट्टे, जीभ तिखट आणि मन तुपासारखं.

घरात ही माणसं दखनी, म्हणजे इकडच्या ढंगाची उर्दू, बोलत; तुम्हाला मी ते मराठीतूनच सांगतो आहे. माझ्याशी मात्र हसीनाबी मराठीतच बोलायची. मी सोलापूरच्या कारखान्यातला, मला दखनी कुठली कळायला, अशी तिची समजूत होती. मला सगळं कळायचं, पण मी तिचा गैरसमज दूर केला नाही. माझं दार उघडण्याआधी ती बोटातल्या अंगठीने काचेवर दोनदा टकटक करायची आणि विचारायची, "येऊ का रे आत?" कुणाच्या घरात शिरताना विचारतात तसं. मग पहिली नानखटाई हातावर झेलत झेलत ती मोडायची. अर्धी आयुबभाईंची, अर्धी तिची. आयुबभाई चव घेऊन नुसती मान हलवायचे. त्यांचं कौतुक तेवढंच असायचं आणि तिला ते पुरायचं.

पुढे त्यांच्या सोहेलचं लग्न झालं आणि परंड्याची झरीन सून होऊन घरात आली. सोहेलचं ढाब्याशेजारी टायरचं दुकान होतं, तो दिवसभर तिकडेच. झरीन हौशी होती. तिला वाटायचं, आपणही नानखटाई करावी. पण हसीनाबी तिला मला हात लावू देत नसे. पीठ मळ, डबे धू, भिंतीपलीकडे बसून वेलदोडे कुट. बटण फिरवायचं ते हसीनाबीनेच. "माझ्या मागं तुझंच हाय की सगळं," असं ती म्हणायची. बोलणाऱ्याला हे वाक्य गोड वाटतं. ऐकणाऱ्याचं काय होतं, ते कुणी विचारत नाही.

एकदा हसीनाबी बाहेर गेलेली बघून झरीनने हौसेने बटण फिरवलं, जरा जास्तच फिरवलं, आणि पार्वतम्माचं सगळं ताट करपलं. हसीनाबी चारचौघींसमोर तिला फाडफाड बोलली. झरीनचाही तोल सुटला.

"ठिवा तुमचा ओव्हन तुमच्यापाशी! जाताना कबरीत संगंच न्या!"

 हसीनाबी तिच्याकडे बघून हसली. "नेते की," म्हणाली, आणि करपलेल्या नानखटाया कोंबड्यांना टाकायला अंगणात गेली. दोघींचं बोलणं पुढे सुरळीत झालं. त्या एका वाक्याची माफी मागायची मात्र राहून गेली. आज मागू, उद्या मागू असं करता करता एके दिवशी हसीनाबी पहाटेच्या नमाजाला उठली ती चक्कर येऊन पडली, आणि दुपारच्या आत सगळं संपलं.

मय्यत झालेल्या घरात तीन दिवस चूल पेटवत नाहीत. जेवण नातेवाईक आणतात, शेजारी आणतात. पार्वतम्माने भाकऱ्या आणि आमटी पाठवली. घरभर बायकांची गर्दी असताना आयुबभाई मागच्या खोलीत आले, त्यांनी दार लोटून घेतलं. मेन स्विच बंद केला, आणि हाताला आधी लागला तो फ्यूज, म्हणजे परत जाणाऱ्या विजेचा, बाहेर ओढून त्यातली तार काढली. रिकामा फ्यूज पुन्हा होता तसा बसवला. तार रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवली.

"तुझीबी चूल बंद," ते मला म्हणाले. मला ते पटलं. मीही त्याच घरातला होतो.

तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे कबरीवरची प्रार्थना, झाली, स्वयंपाकघरात चूल पेटली. पाहुणे पांगल्यावर आयुबभाई पुन्हा माझ्याकडे आले, तार बसवली, बटण फिरवलं. मी तापू लागलो. आणि मित्रांनो, तेव्हा ती गोष्ट घडली. इतक्या वर्षांचं तूप आणि वेलदोडा माझ्या पत्र्यात मुरलेला होता. मी रिकाम्या पोटी तापलो तसा तो वास बाहेर आला. तो नुसता नानखटाईचा नव्हता. हसीनाबीच्या पदराला, तिच्या हातांना जो वास यायचा तोच तो होता. ती जणू दाराआड उभी असावी इतका जवळून आला. आयुबभाई माझ्याशी पाठ टेकून जमिनीवर बसले. वास विरेपर्यंत ते हलले नाहीत. मग उठले, आणि तार पुन्हा काढून घेतली.

दुसरं कुणी याच्यात भाजू लागलं तर हा वास बुजून जाईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. घरात कुणी नसलं की ते यायचे, तार बसवायचे, मला रिकामाच तापवायचे, आणि कुणाची चाहूल लागायच्या आत तार काढून अंगणातल्या बाजेवर जाऊन पडायचे. मला हे कुणाला सांगता आलं असतं तर! पण मला तोंड आहे, जीभ नाही.

दिवाळी जवळ आली. हसीनाबी गेली तरी गल्लीतल्या बायकांनी डबे पाठवले. "आता सून करंल," म्हणाल्या. झरीनने पदर खोचला. बिस्मिल्ला म्हणून नानखटाया ताटात मांडल्या, माझ्या आत सरकवल्या, बटण फिरवलं, दिव्याचंही बटण दाबलं. दिवा लागला. ती काचेतून बघत बसली. बराच वेळ गेला तरी नानखटाया होत्या तशाच पांढऱ्या. तिने दार उघडून आत हात घातला. आत ऊब नव्हती.  तिने हात असा मागे घेतला, जणू आतून कुणी धरला होता.

"नेते की," असं हसीनाबी म्हणाली होती. झरीनच्या मनात ते शब्द शिरले ते निघेनात. तिने ते कुणाला सांगितलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग माझी दुरुस्ती सुरू झाली. सोहेलने प्लग काढून घातला, बटण मागेपुढे केलं आणि माझ्या पाठीत दोन धपाटे घातले. यंत्र बिघडलं की आधी धपाटा, ही आपल्याकडची पहिली दुरुस्ती. "अब्बा, जरा बघता का?" त्याने विचारलं.

"आता नजर कुठं ऱ्हायली, बाबा," आयुबभाई म्हणाले आणि बाहेर गेले.

मग बसस्थानकाजवळचा मिस्त्री माणिकप्पा आला. त्याने बोर्डाच्या एका भोकात टेस्टर घातला. टेस्टर पेटला. "लाईट तर हाय की. सळी गेली आसंल," असं म्हणून त्याने मला रिक्षात घालून दुकानात नेलं. तिथे प्लग लावताच मी असा सणसणीत तापलो की माणिकप्पाने गार झालेला चहा माझ्या डोक्यावर ठेवून गरम करून घेतला. "काय झालंय ह्याला? घोडा हाय घोडा!" त्याने मला परत आणलं. घरी प्लग लावला, दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला, मी गार. त्याने पुन्हा टेस्टर घातला, टेस्टर पुन्हा पेटला. पुन्हा दुकानात नेलं, मी पुन्हा तापलो. पुन्हा घरी आणलं, पुन्हा गार. टेस्टर येणाऱ्या विजेचं सांगतो. परत जाणाऱ्या विजेचं त्याला कुणी विचारलंच नाही. आणि आयुबभाईंसारख्या उस्तादाच्या हातचं वायरिंग उघडून बघावं, हे माणिकप्पाच्या मनातही आलं नाही. त्याने आपली पिशवी उचलली.

"मशीन एकदम बरोबर हाय, सोहेलभाई," तो हळू आवाजात म्हणाला. "जागेचं काय आसंल तेवढं बघा."

एवढं पुरे झालं. तिन्हीसांजेपर्यंत गल्लीभर झालं की हसीनाबी ओव्हनमध्ये आहे. सोहेलने दर्ग्यावरून आणलेला दोरा माझ्या दाराच्या मुठीला बांधला. पार्वतम्मा आली, तिने माझ्या पत्र्यावर विभूती ओढली. हाताला दोरा, कपाळाला विभूती, असा मी दोन्ही धर्मांचा होऊन कोपऱ्यात उभा राहिलो, तरी गार तो गारच. खरं सांगू? त्या दिवसांत मलाच शंका येऊ लागली होती. दुपारच्या शांततेत माझी काच उगाच टकटक करते आहे असं वाटायचं. पत्रा निवताना वाजतो, हे मला माहीत आहे. पण मग तो दोनदाच का वाजायचा, ते मला कुणी सांगितलं नाही.

एकदा झरीन गिरणीत दळण घेऊन गेली आणि गिरणीची लाईट गेल्याने लगेच परत आली. घरात पाऊल टाकलं तर तुपाचा आणि वेलदोड्याचा वास.  भिंतीला धरून धरून ती मागच्या खोलीत आली आणि तिने माझ्या अंगाला हात लावला. मी गरम होतो. ज्या ओव्हनला कुणी तापवू शकत नव्हतं, तो रिकाम्या घरात आपला आपण तापला होता. तिच्या हातातला डबा पडला, दाणे खोलीभर झाले. धावत ती अंगणात गेली. आयुबभाई बाजेवर डोळे मिटून पडले होते.

"अब्बा, आत कुणी आलतं का?"

"कुणी न्हाय," ते म्हणाले. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

त्या दिवशी झरीनला ताप भरला. ती अंथरुणाला खिळली आणि झोपेत बडबडू लागली, "मला माफ करा, अम्मी, म्या रागात बोलले." बाहेर बाजेवर आयुबभाईंना ते ऐकू जात होतं. ते कूस बदलायचे, खिशावर हात ठेवायचे, आणि गप्प राहायचे. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पण त्या दिवसांत मला त्यांचा राग आला होता, हे खरं आहे.

ताप उतरला तरी झरीन मागच्या खोलीत येईना. बायका एकेक करून आपापले डबे घेऊन गेल्या. पार्वतम्माने तेवढा आपला डबा नेला नाही.

"माझा ऱ्हाऊ दे हितंच," ती म्हणाली. "जित्तेपणी जी कुणाच्या डब्यातला चिमूटभर रवा घेईना, ती मेल्यावर तुझी ऊब कशाला न्हेईल गं?"

झरीनने तो डबा फळीवर ठेवून दिला. हसीनाबीला काय म्हटलं होतं, ते तिला एकटीलाच टोचत होतं. अखेर तिनेच सोहेलला सांगितलं, "हे घरात नको. मला हितं श्वास घ्याया येत न्हाय. ओव्हन तरी काढा, न्हाय तर मला परंड्याला पोचवा." सोहेलने भंगारवाल्याला सांगून टाकलं. टेम्पो येणार हे नक्की झालं. भंगारात काय होतं ते मी गोदामात ऐकलं होतं. आधी दार उपटतात, मग काच फोडतात, मग पत्रा चेपतात.

टेम्पो यायच्या दिवशी दुपारी लाईट गेलेली होती. झरीन ओलं फडकं घेऊन आली. घरातलं माणूस निघालं म्हणजे त्याला न्हाऊमाखू घालतात, तसं तिला मला पुसून द्यायचं होतं. तिने विभूती पुसली नाही, दोरा सोडला नाही. दाराची काच पुसता पुसता ती तिथेच खाली बसली.

"अम्मी," ती म्हणाली, "तुमी ऊब घिऊन गेलात. मीच न्या म्हनले व्हते. मला त्यातलं काय बी नको. पर एकदा म्हना की राग न्हाय. कसं बी करून सांगा."

आणि माझ्या आतला दिवा लागला.

झरीनची किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल. झालं होतं एवढंच, की दिव्याचं बटण चालू राहिलं होतं आणि गेलेली लाईट परत आली होती. ती नेमकी त्याच क्षणी का आली, हे वीज कंपनीलाच ठाऊक. आयुबभाई अनवाणी, ठेचकाळत आत आले. झरीन भिंतीशी मुरकुटून बसली होती. माझ्या दिव्याचा पिवळा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. त्यांनी तो चेहरा बघितला, आणि त्यांचं सगळं अवसान गळालं.

"अम्मी न्हाय तिथं," ते म्हणाले. "लाईट आली, बेटा. लाईट आली नुसती."

"मग ऊब कुठं गेली?" झरीन ओरडली. "सांगा! कुठं गेली ऊब?"

आयुबभाईंनी खिशातून रुमाल काढला. त्याची घडी उलगडली आणि तो तांब्याचा एवढासा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

"माझ्या खिशात हाय."

तिला समजायला वेळ लागला. त्यांनी बोर्डावरचा रिकामा फ्यूज ओढून दाखवला, तेव्हा समजलं. तिचं रडं थांबलं आणि डोळ्यांत अंगार आला.

"म्या तापात पडले व्हते. माफी मागत व्हते. तुमी बाहीर बसून ऐकत व्हता?"

"व्हय."

"आन् बोलला न्हाय?"

"न्हाय बोललो." ते माझ्या बाजूला जमिनीवर बसले, नेहमी बसायचे तिथेच. "तिचा वास ऱ्हायला व्हता ह्याच्यात. तू भाजलं आसतंस तर तुझा झाला आसता. मला वाटलं, तेवढा तरी ऱ्हाऊ द्यावा."

झरीनने तार मुठीत आवळली. मला वाटलं, आता ती तार भिरकावून देणार आणि परंड्याची एसटी धरणार. तिने विचारलं, "किती ऱ्हायलाय?"

"कमी झालाय," आयुबभाई लहान मुलासारखे म्हणाले. "रोज कमीच हुतोय. परवा तर आलाच न्हाय."

मित्रांनो, हे खरं होतं. मला ते आधीच कळलं होतं, आणि माझ्या सगळ्या गार दिवसांत मला सर्वांत जास्त भीती त्याचीच वाटत होती. ते मला रिकामाच तापवत होते. माझ्यात मुरलेलं तूप थोडं थोडं जळून जात होतं. जे जपायचं म्हणून त्यांनी घरादाराला गार ठेवलं, ते त्यांच्याच हातून संपत आलं होतं.

"रिकामा तापवल्यावर दुसरं काय हुणार?" झरीन म्हणाली. "तेल न घालता तवा तापवत ऱ्हायलं तर तव्याला काय ऱ्हातंय?" तिने पदराने तोंड पुसलं आणि तार त्यांच्यापुढे धरली. "बसवा ती. तुमचा हात कापतोय, मी उजेड धरते."

आयुबभाईंनी मेन बंद करून तार बसवली. झरीनने पार्वतम्माचा डबा उघडला. पीठ, रवा, तूप, पिठीसाखर, आणि तिने स्वतः कुटलेले वेलदोडे. तिने गोळे वळले, अंगठ्याने प्रत्येकाच्या मध्ये खळगा केला. मी तापू लागलो. सुरुवातीला काहीच वास आला नाही, नुसता तापलेल्या पत्र्याचा. आयुबभाईंनी मान खाली घातली. मग नवं तूप वितळलं, वेलदोडा सुटला, आणि माझ्या पत्र्याच्या खोल कुठल्या फटीत जे काही उरलं होतं ते त्याला येऊन मिळालं. वास मोठा झाला. मागच्या खोलीत मावेना, अंगणात गेला, भिंत ओलांडून पलीकडे गेला. पलीकडून पार्वतम्मा ओरडली, "हसीना!" आणि मग तिची तीच गप्प झाली.

झरीनने हीटर बंद केला. दिवा लावून काचेतून बघत बसली. मग हातातल्या काचेच्या बांगडीने तिने माझ्या काचेवर दोनदा टकटक केली आणि विचारलं, "येऊ का रे आत?"

आयुबभाई दचकले. "ही तुला कुणी शिकीवलं?"

"शिकवायला कशाला पायजे? भिंतीपलीकडं बसून वेलदोडे कुटत व्हते की मी. रोज ऐकत व्हते."

तिने पहिली नानखटाई हातावर झेलत झेलत मोडली आणि अर्धी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तोंडात घातली नाही, नाकाशी धरली. त्यांच्या दाढीतून पाणी ओघळत होतं.

"अजून एक ऱ्हायलंय माझ्याकडं," ते म्हणाले. "त्या दिवशी तू कबरीचं बोललीस ना, मी लई तापलो व्हतो. ती मला हसली. म्हनली, जाऊ द्या, पोरगी माझ्यासारखीच हाय, वसकन बोलती आन् मग रडत बसती. ओव्हन हिच्याच हाती नीट ऱ्हाईल, म्हनली. ही तुला सांगायचं व्हतं. तिचं शेवटचं शेवटचं बोलणं, म्हणून तेबी मी ठिवून घेतलं."

झरीनने उरलेली अर्धी नानखटाई हातात घट्ट धरली आणि ती हुंदके देऊन रडू लागली. हे रडणं वेगळं होतं. ऊब मिळाल्यावर माणूस रडतं तसं. एवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सोहेल भंगारवाल्याला घेऊन आत आला आणि दारातच उभा राहिला. बाप जमिनीवर, बायको जमिनीवर, दोघंही रडताहेत आणि ओव्हनमधून वाफ येते आहे, हे तो आळीपाळीने बघू लागला. भंगारवाल्याने तेवढ्यात दोन नानखटाया खाल्ल्या, "फस्टक्लास!" म्हणाला, आणि रिकामा टेम्पो घेऊन परत गेला.

आता माझ्याकडे पुन्हा डबे येतात. माझ्या मुठीचा दोरा अजून आहे. तो विटला, पण झरीन सोडू देत नाही. आयुबभाई माझ्याशेजारी बसतात, पण हल्ली ते बोलतात. हसीनाबी कशी होती, काय म्हणायची, ते सांगत असतात, आणि झरीन पीठ मळता मळता ऐकते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी मागे ठेवून गेलेली एखादी वस्तू असेल. तिला कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवू नका. ती वापरा, तिला तेलपाणी करा, बिघडली तर जाणत्या माणसाला दाखवा; विजेच्या बोर्डाला मात्र स्वतः हात लावू नका. आणि गेलेल्या माणसाचे कुणासाठी दोन शब्द तुमच्यापाशी राहिले असतील, तर ते आजच्या आज ज्याचे त्याला देऊन टाका. ते खिशात ठेवल्याने कुणाचं घर गार पडलं असेल, ते तुम्हाला कळणारही नाही.

एवढं सांगून मी थांबतो. एक तेवढं राहिलं. अजूनही एखाद्या दुपारी, झरीनचे दोन्ही हात पिठात असताना आणि आयुबभाई बाजेवर घोरत असताना, माझ्या काचेवर दोनदा टकटक होते. पत्रा निवत असेल. पण मी आपला दरवेळी म्हणतो, ये.